नसलेल्या देवांची शिरगणती

जिवतीच्या वाटेवरच्या गोंडांच्या एका गुड्यात सोयरिकीची बोलणी चालली होती. सपरीत सतरंजी टाकलेली, दोन्हीकडची आठ-दहा माणसं, मध्ये पाण्याचा तांब्या. मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं पहिला प्रश्न केला, "तुमी किती देवाचे?" मुलीकडून उत्तर आलं, "सात." हा म्हणाला, "आमी सा." एवढ्यावर दोन्ही बाजू सैलावल्या आणि चहा सांगितला गेला. माझ्याबरोबर बाहेरगावचे एक प्राध्यापक मित्र होते. ते कानाशी लागून म्हणाले, "कोणते सात, ते विचारा ना." मी विचारलं. म्हातारा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "देव एकच जी. सात ते भाऊ."

मित्रांनी तोवर वहीत एकाखाली एक सात आकडे घालून ठेवले होते. त्यांच्यापुढच्या जागा कोऱ्या राहिल्या.

त्या कोऱ्या जागांविषयीच मला लिहायचं आहे. गेली दीडशे वर्षं आमच्या या मुलखात जी कोणी लिहिती माणसं आली, त्यांतल्या बहुतेकांनी त्या जागा कोऱ्या ठेवल्या नाहीत. त्या भरल्या.

परक्यांच्या देवधर्माबद्दल खोट्या गोष्टी का पसरतात, याविषयी आपल्याकडे एक मत सर्वमान्य आहे. शाळेतल्या भाषणापासून व्याख्यानमालेपर्यंत ते ऐकू येतं. अज्ञान हे कारण. जुन्या काळी प्रवास नव्हता, पुस्तकं नव्हती, शेजार नव्हता. माहिती वाढली, माणसं जवळ आली, की गैरसमज आपोआप गळून पडतात. हे मत मांडणारी माणसं भल्या मनाची असतात, म्हणून ते खोडून काढायला जीवावर येतं. पण ते चुकीचं आहे असं मी पुराव्यानिशी म्हणतो. शिवाय ते आपल्याला निर्धास्त करतं. माहिती तर रोज वाढतेच आहे, मग आपण वेगळं काही करायची गरज काय, असं वाटायला लागतं.

या मताच्या बाजूनं नेहमी दिलं जाणारं उदाहरण मध्ययुगीन युरोपचं. इ.स. ११००च्या आसपास जुन्या फ्रेंच भाषेत 'रोलांचं गीत' हे वीरकाव्य रचलं गेलं. शार्लमेन राजाचा भाचा रोलां स्पेनहून परतताना घाटात मारला जातो, त्याची ही कथा. प्रत्यक्षात ७७८ साली त्या घाटात शार्लमेनच्या पिछाडीवर हल्ला केला तो बास्क लोकांनी. काव्यात मात्र शत्रू झाले मुसलमान, आणि त्यांना तीन देव मिळाले: माहोमे, तेर्व्हागां आणि अपोलीं. ज्या धर्मानं मूर्तीला थारा दिला नाही, त्या धर्माच्या लोकांना या काव्यात मूर्ती आहेत. लढाई हरल्यावर त्यांच्या सारागोसा शहरातले लोक आपल्याच देवांवर तुटून पडतात. अपोलींचा राजदंड आणि मुकुट हिसकावून त्याला खांबाला टांगतात, तेर्व्हागांचं माणिक काढून घेतात, आणि माहोमेला खड्ड्यात फेकतात, जिथे डुकरं-कुत्री त्याला तुडवतात. शेवटी शार्लमेनचे सैनिक हातोडे-कुऱ्हाडी घेऊन मशिदींमधल्या मूर्ती फोडत फिरतात. मशिदीतल्या मूर्ती!

अपोलीं हा ग्रीकांचा अपोलो म्हणता येईल. माहोमे कुठून आला ते उघड आहे. पण तेर्व्हागां कोण, त्याचं नाव कुठल्या मुळाचं, यावर विद्वानांचं आजवर एकमत झालेलं नाही. कुठल्याही मुसलमानानं या नावाच्या देवाला कधी हात जोडले नाहीत. कुठल्याही जुन्या मूर्तिपूजकानंही नाहीत.

यावर सर्वमान्य मत सांगतं: बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. माहीत नव्हतं? ते काव्य ज्या ऑक्सफर्डच्या हस्तलिखितात टिकलं, त्याची भाषा नॉर्मनांची. त्याच नॉर्मनांच्या भाऊबंदांनी १०७२ साली सिसिलीचं पालेर्मो मुसलमानांकडून घेतलं आणि तिथे अरबी अक्षरांची नाणी पाडत राज्य केलं. १०८५ साली तोलेदो ख्रिस्ती राजाच्या हाती आलं आणि तिथल्या मोठ्या मशिदीचं चर्च झालं. आत शिरलेल्या पहिल्या माणसाला दिसलंच असणार की फोडायला तिथे एकही मूर्ती नाही. पेत्रुस अल्फोन्सी हा अरबी वातावरणात वाढलेला, धर्मांतर करून ख्रिस्ती झालेला विद्वान. त्यानं १११०च्या सुमारास लॅटिनमध्ये इस्लामवर टीका लिहिली, पण तेर्व्हागांसारख्या देवांची भाकडकथा सांगितली नाही. ११२५च्या सुमारास इंग्लंडमधल्या माम्सबरी मठातला विल्यम हा साधू स्पष्ट लिहितो की सारासेन, म्हणजे मुसलमान, लोक निर्मात्या ईश्वराला भजतात आणि महंमदाला देव नव्हे, प्रेषित मानतात. ११४३ साली केटनच्या रॉबर्टनं कुराणाचं लॅटिन भाषांतर पुरं केलं. त्याच दशकात जर्मनीतला बिशप ओटो आपल्या इतिहासात एका लोकप्रिय हुतात्म्याची कथा तपासतो. सारासेनांच्या मूर्ती फोडल्या म्हणून एका आर्चबिशपला त्यांनी मारलं, अशी ती कथा. ओटो म्हणतो, हे कारण पटणारं नाही, कारण ते लोक एकाच ईश्वराचे उपासक आहेत. आपल्याच पंथाच्या हुतात्म्याच्या गोष्टीवर त्यानं असा नकार लिहिला, याबद्दल मला त्या बिशपविषयी फार आदर वाटतो.

म्हणजे माहिती होती. लॅटिनमध्ये होती, मठांत होती, बाजारात होती, नाण्यावर होती. तरीही १२००च्या सुमारास झां बोदेलच्या नाटकात तेर्व्हागांची मूर्ती रंगमंचावर आली. इंग्लंडात तो टर्मागंट झाला, आरडाओरडा करणारं पात्र झाला. १६००च्या सुमारास शेक्सपिअरचा हॅम्लेट नटांना सल्ला देताना त्याचं नाव घेतो, तेव्हा प्रेक्षकांना ते समजावून सांगावं लागत नव्हतं. आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कजाग बाई असा उरला आहे. रॉबर्टचं भाषांतर होऊन साडेचारशे वर्षं झाली तरी तेर्व्हागां जिवंत होता. अज्ञानावरच्या औषधानं हा रोग बरा होत नाही, याला याहून मोठा पुरावा काय हवा?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नॉर्मन डॅनियल या अभ्यासकानं तो १९८४ साली आपल्या पुस्तकात सविस्तर मांडला: कवींना खरं माहीत होतंच, हा गंमतीचा, साहित्यिक संकेताचा भाग होता. आपल्या लळितातल्या राक्षसाला कुणी इतिहास मानत नाही, तसंच ते. मी हे अर्धं मान्य करतो. पण संकेत नाटकात राहत नाही, तो गळतो. पहिल्या धर्मयुद्धाचा इतिहास लिहिणारा राउल हा कवी नव्हे, इतिहासकार म्हणून सांगतो की १०९९ साली जेरुसलेमच्या पवित्र वास्तूत त्याच्या सरदाराला चांदीची प्रचंड मूर्ती सापडली. त्या काळच्या फ्रेंचमध्ये मशिदीला शब्दच पडला तो माहोमेच्या नावावरून, आणि इंग्रजीत मूर्तीला, बाहुलीला शब्द पडला तोही त्याच नावावरून. भाषेतच जे मुरलं, त्याला गंमत म्हणून सोडून देता येत नाही.

मग हे देव आले कुठून? त्यांच्याकडे नीट पाहिलं की कळतं. ते तीन आहेत, कारण ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या धर्मात त्रयी होती. त्यांच्या मूर्ती आहेत, कारण ऐकणाऱ्यांनी संतचरित्रांत रोमन मूर्ती फुटताना हजारदा ऐकलं होतं. हरल्यावर भक्त त्यांना मारतात, कारण खोटा देव ओळखायची ऐकणाऱ्यांची कसोटीच ती होती: जो जिंकवत नाही तो देव नाही. माहोमेचं नाव सोडलं तर त्या तीन देवांत मुसलमानांचं काही नाही; आहे ते सगळं फ्रेंच श्रोत्यांचं, फक्त उलटं धरलेलं. स्वतःच्या घराच्या नकाशावर दुसऱ्याचं घर काढलं की अशा खोल्या निघतात. त्या खोल्यांत कोणी राहत नाही हे कळलं तरी नकाशा बदलत नाही, कारण नकाशा आपल्या घराचा आहे.

दुसरा आक्षेप: तो काळच तसा होता, सगळे एकमेकांविषयी असंच बोलत. हेही खरं नाही, आणि हे खोडून काढायला मला आपल्याच मुलखातले साक्षीदार आहेत.

बुऱ्हाणपूर खानदेशचं. तिथल्या जामा मशिदीत १५९० सालचा संस्कृत शिलालेख आहे, फारुकी सुलतान आदिलशाहानं कोरवून घेतलेला. त्याच्या आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे, आणि त्या सृष्टिकर्त्याचं वर्णन अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशा शब्दांत आहे. पुढे पंचांगासह तिथी दिली आहे. त्याच्याही सव्वातीनशे वर्षं आधी, १२६४ साली, सोमनाथजवळच्या वेरावळात होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या नाखुद्यानं मशीद बांधली. तिथला संस्कृत लेख अल्लाला विश्वनाथ, शून्यरूप, विश्वरूप म्हणतो, महंमदाला बोधक म्हणतो, आणि चार वेगवेगळ्या शकांत साल देतो. आणि पैठणचे एकनाथ? सोळाव्या शतकातल्या त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त तुर्क कडाडून भांडतो, पण भांडतो तो मुसलमानासारखाच. देवाला आकार नाही, तुम्ही त्याला दगडात कोंडता, हा त्याचा मुद्दा. हिंदू उलट विचारतो की देव सगळीकडे आहे तर तोंड एकाच दिशेला का? दोघेही आपापल्या घरातून बोलतात. कुठल्याही मुसलमान वाचकाला तो तुर्क आपला वाटेल. एकनाथांच्या हातात मुसलमानांना तीन मूर्ती देण्याची लेखणी होती. त्यांनी त्या दिल्या नाहीत.

म्हणजे नाव बदलणं आणि देव बनवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेरावळच्या लेखात अल्लाचं नाव संस्कृत झालं, पण मशीद बांधणाऱ्यानंच तो लेख कोरवून घेतला आणि त्यातला ईश्वर त्याचाच राहिला. ते भाषांतर. तेर्व्हागां हे भाषांतर नव्हे. कसोटी एकच: ज्याचा देव म्हणून सांगता, त्याला तो आपला म्हणून ओळखू येतो का?

ही कसोटी सगळ्यांना सारखीच लावली पाहिजे. गझनीच्या महमुदाच्या दरबारातला कवी फर्रुखी आणि पुढे इतिहासकार गर्देझी यांनी सोमनाथाविषयी अशी कथा सांगितली की तो अरबस्तानातल्या 'मनात' या देवीचा चोरून आणलेला पुतळा. सोमनाथच्या कुठल्या पुजाऱ्यानं मनातचं नाव ऐकलं होतं? आणि त्याच गझनीच्या आश्रयातला अल्-बेरूनी १०३०च्या सुमारास सोमनाथ म्हणजे चंद्राचा स्वामी, ते महादेवाचं लिंग, हे अचूक लिहून गेला. संस्कृत शिकला, पंडितांना विचारलं, म्हणून लिहू शकला. एकाच दरबारात खरं आणि खोटं शेजारी बसून लिहिलं गेलं.

आता आपल्याकडे पाहू. मक्केत 'मक्केश्वर' नावाचं शिवलिंग आहे आणि मुसलमान नकळत त्याचीच पूजा करतात, ही समजूत मी शिकलेल्या मराठी घरांत कितीदा ऐकली आहे. सणासुदीला मोबाइलवर ती नव्यानं फिरते. इस्लामपूर्व अरबांच्या मूर्तींची नोंद नवव्या शतकाच्या आरंभीच इब्न अल्-कल्बीनं एका स्वतंत्र ग्रंथात केली आहे; त्यात हुबल आहे, लात, उज्जा, मनात आहेत, शिवलिंग नाही. आणि काबाचा काळा दगड हाच देव असता, तर ९३० साली कर्मती पंथाच्या लोकांनी तो उपटून नेला आणि सुमारे बावीस वर्षं परत दिला नाही, तेव्हा जगभरची नमाज थांबली असती. एक दिवसही थांबली नाही. मक्केश्वर हा मराठीतला तेर्व्हागां आहे. एकीकडे फ्रेंच कवीला त्याच्या मूर्तिकल्पनांसाठी मूढ म्हणायचं आणि दुसरीकडे हा संदेश पुढे ढकलायचा, हे चालणार नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते आमच्या गोंडांविषयी. तेर्व्हागांला वंशज कोणी नाहीत. आमच्याकडच्या नसलेल्या देवांचे भक्त म्हणून जिवंत माणसांची नोंद होते.

'सात देव' म्हणजे काय ते आधी सांगतो. गोंड समाज सगा नावाच्या गटांमध्ये वाटलेला आहे. आमच्या भागात, माणिकगडाच्या डोंगरांपासून आदिलाबाद-आसिफाबादपर्यंत, चार सगे मुख्य: सात भावांचा येरवेन, सहा भावांचा सारवेन, पाच भावांचा सिवेन, चार भावांचा नालवेन. आदिम भावांच्या संख्येवरून नाव पडलं. सात देवाच्या घरची मुलगी सात देवाच्या घरी जात नाही, कारण ते सगळे भाऊबंद. सपरीतला तो पहिला प्रश्न मुळात सोयरिकीचा आहे. पेन म्हणजे देव; तो एक, त्याचं पेनठाणं एक, वर्षाचे त्याचे दिवस ठरलेले, आणि त्याची कथा गाणारा परधान किकरी घेऊन येतो. किकरी वाजल्याशिवाय पेन जागा होत नाही, असं परधान सांगतात. मेलेलं माणूस विधी होऊन पेनाच्या मेळ्यात जाऊन मिळतं.

आता हे कागदावर कसं उतरलं ते पाहा. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी, कथा, देवांची नावं कष्टानं जमवली. १८६३ साली ते बुडून वारले आणि रिचर्ड टेंपलनं त्यांचे कागद १८६६ साली छापले. गोंडांचा कथानायक लिंगो याची कथा कागदावर आली ती या माणसामुळे; त्यांचं ऋण मोठं आहे. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. तोही कष्टाचा. पण दोन्हीकडे 'देव' हा शब्द संख्येसह ऐकला गेला आणि मग तितकी नावं शोधायला सुरुवात झाली. एका गावची यादी दुसऱ्या गावच्या यादीशी जुळेना. रसेल-हिरालाल यांच्या यादीत फरसा पेनाच्या जोडीला घांगरा आहे, चवर आहे, पालो आहे. ग्रंथकारच सांगतात की घांगरा म्हणजे घंटा, चवर म्हणजे शेपटीची चवरी, आणि पालो म्हणजे भाल्याच्या पात्यांवर घालायचं कापड.

मी ते कापड जवळून पाहिलं आहे. पेनाचं लोखंडी पातं, त्याला बांधलेली पांढरी चवरी, घुंगरू, हे सगळं वर्षभर झाडावर उंच बांधून ठेवतात. पूजेच्या दिवशी कटोडा, म्हणजे पुजारी, ते उतरवतो. पात्याभोवतीचं कापड तो सोडतो तेव्हा त्याची बोटं सावकाश चालतात, घडी मोडणार नाही अशी. जुनं कापड विरलेलं असतं, डाग पडलेले असतात, तेल-हळदीचा वास त्यात मुरलेला असतो. ते तो कपाळाला लावून बाजूला ठेवतो. आदर आहेच. पंढरीच्या वारीत माणसं पालखीच्या दांड्यालाही कपाळ टेकतात. उद्या कोणी वारकऱ्यांचे देव लिहिताना विठ्ठल, रुक्मिणी, दांडा, गोंडा अशी यादी केली तर आपण काय म्हणू? १९१६ साली छापलेल्या त्या ग्रंथात पालो एका ओळीत देव झाला आणि तिथून पुढे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात चालत राहिला.

घांगऱ्याची गोष्ट त्याहून लागणारी आहे. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीराम कंगाली आयुष्यभर या विषयावर लिहीत राहिले. त्यांच्या मांडणीत सल्ला-गांगरा ही सृष्टीतल्या दोन परस्परपूरक तत्त्वांची जोडी आहे. कोणी ही मांडणी अलीकडची म्हणेल, कोणी जुनी. तो गोंडांचा आपसातला वाद आहे आणि तो त्यांनी घालावा. पण एकीकडे घंटा आणि दुसरीकडे विश्वाचं तत्त्व असा ज्याचा पल्ला, त्याला यादीतला एक किरकोळ देव करून टाकणं हे दोन्ही बाजूंनी खोटं आहे.

हिस्लॉप, रसेल, हिरालाल यांना गोंड दिसलेच नव्हते असं कोण म्हणेल? ते त्यांच्यात फिरले, त्यांची भाषा लिहून घेतली. जवळीक होती, माहिती भरपूर होती. चूक झाली ती साच्यात. धर्म म्हणजे देवांची यादी, आणि यादीतल्या प्रत्येक देवाला एक नाव व एक खातं, हा साचा त्यांनी घरून आणला होता.

साच्याचं सरकारी रूप म्हणजे शिरगणती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत गोंडांसारख्यांसाठी 'अ‍ॅनिमिस्ट' असा रकाना होता, म्हणजे भूतखेतं, झाडंदगड यांत जीव मानणारे. १९३१ साली त्याचं 'ट्रायबल', म्हणजे जमातींचा धर्म, असं झालं. कुणाला त्यात घालायचं आणि कुणाला हिंदू लिहायचं, हे पुष्कळदा गणकाच्या मनावर ठरे. राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, वर्धा नदीपलीकडचं बल्लारपूर इंग्रजांच्या मध्य प्रांतात. एकाच पाडीची म्हणजे कुळाची, एकाच पेनाची दोन घरं नदीच्या दोन काठांवर, आणि त्यांची गणना दोन वेगळी सरकारं करणार. पुढे राजुरा तालुका १९५६ साली नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. लिहिणारे बदलत गेले. आजही जनगणनेच्या फॉर्मवर सहा धर्मांना आकडे आहेत. बाकीच्यांनी नाव लिहायचं. २०११ साली देशात १० लाखांहून जास्त लोकांनी तिथे गोंड किंवा गोंडी धर्म असं लिहवून घेतलं.

आज 'अ‍ॅनिमिस्ट' कोणी म्हणत नाही. आज म्हणतात 'निसर्गपूजक'. हा शब्द कौतुकानं वापरला जातो, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड. माझ्या मित्राच्या वहीत त्या सात कोऱ्या जागांखाली शेवटी हाच शब्द लिहिला गेला. पण साजाच्या किंवा मोहाच्या झाडावर पेन ठेवलेला असतो म्हणून ते झाड देव होत नाही. पेनाभोवती वंश आहे, मृत पूर्वज आहेत, सोयरिकीचा कायदा आहे, लिंगोनं आणि जंगोबाईनं कोंडलेल्या देवांना गुहेतून सोडवल्याची लांबलचक कथा आहे. एवढा इतिहास असलेल्या माणसांना 'निसर्गपूजक' म्हणणं म्हणजे त्यांच्या सगळ्या इतिहासावर झाडाची सावली टाकणं. अपमान करणारा शब्द निदान ओळखू येतो. कौतुकाचा शब्द निमूट सहन करावा लागतो.

कोणी विचारेल, मग फरसा पेनाला महादेव म्हणणारे गोंड आहेत, महाकालीच्या चैत्री जत्रेला चांद्याला जाणारे आहेत, त्यांचं काय? त्यांचं बरोबर आहे. गोंडानं स्वतःच्या तोंडानं महादेव म्हटलं तर ते वेरावळच्या लेखासारखं आहे. घरमालकानं आपल्या दारावर लावलेली पाटी. गडचिरोलीत दसऱ्याला रावणाचं पूजन करणारे गोंड आहेत, त्यांनाही हेच लागू. माझा झगडा आहे तो दुसऱ्याच्या दारावर पाटी ठोकणाऱ्याशी, मग ती पाटी हिंदू म्हणून असो, असुरपूजक म्हणून असो, की निसर्गपूजक म्हणून.

शेजार पुरतो का, याचं उत्तर राजुऱ्यातच आहे. इथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. लहानपणी मोहरमात पंजे उठत तेव्हा आम्ही पोरं मागे धावायचो, आणि घरी येऊन "मुसलमानांचे देव निघाले" असं बिनदिक्कत सांगायचो. पंजा हा देव नाही, ती करबलाच्या शहिदांची आठवण. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि तेही विचारलं म्हणून. आमचं शेजारपण पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. तोवर विचारलंच नव्हतं.

ज्यांनी विचारलं त्यांनी काय केलं? ऑस्ट्रियाचे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ १९४१ पासून आदिलाबादच्या मारलवाईत येऊन राहिले, परधानांकडून पेनांच्या कथा तासन्‌तास ऐकल्या, आणि १९४८ साली 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ लिहिला. त्यात सगा हा सगा म्हणून आला, देवांची यादी म्हणून नाही. आपले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद सरकारचे अधिकारी म्हणून त्या जिल्ह्यात आले आणि गोंडी शिकले; तिचं व्याकरण लिहिलं. सरकारी अधिकाऱ्याला त्याची काही गरज नव्हती. या दोघांचंही प्रत्येक वाक्य शेवटचं मानू नये. पण दोघांनी आधी ऐकलं आणि मग लिहिलं. आज कथा माहीत असलेले परधान म्हातारे झाले आहेत, किकरी वाजवणारे त्याहून कमी आहेत, आणि शहरात देवांची यादी मात्र दोन मिनिटांत मिळते.

२०२७च्या जनगणनेची घोषणा झाली आहे. राजुरा, जिवती, कोरपना भागात घरोघर जाणारे गणक बहुतेक आमच्या जिल्हा परिषद शाळांचे गुरुजी आणि बाईच असतील. त्यांना माझी विनंती आहे. धर्माच्या रकान्याशी आल्यावर "म्हणजे हिंदूच ना?" असं विचारू नका आणि "म्हणजे निसर्गपूजकच ना?" असंही विचारू नका. घरचा माणूस हिंदू म्हणाला तर हिंदू लिहा, गोंडी म्हणाला तर गोंडी, कोया पुनेम म्हणाला तर कोया पुनेम, अक्षर न बदलता. आणि तो विचार करत थोडा वेळ गप्प राहिला, तर तुम्हीही गप्प राहा. तो बोलेपर्यंत ती जागा कोरी असू द्या.